सदतिसावा फोटो

जगातले झाडून सगळे फोटोग्राफर "हलू नका" म्हणतात. मिरजगावचे आमचे रंगनाथमामा मात्र गिऱ्हाइकावर खेकसायचे, "हाला की जरा! देवळातली मूर्ती हाय का तुमी?"

मामा माझे कुणी नव्हते. ते अख्ख्या गावाचे मामा. नव्वद सालानंतरची ही गोष्ट. हायवेला लागून, पंक्चरच्या दुकानाशेजारी त्यांचा स्टुडिओ होता. पन्नाशी उलटलेला सडाफटिंग माणूस. एकदा एक कडक इस्त्रीतले शेतकरी गृहस्थ फोटोला आले आणि श्वास रोखून खुर्चीत बसले. मामा सहज म्हणाले, "तुमच्या बैलाचा सौदा मोडला म्हनं?" गृहस्थ हातवारे करत तावातावाने बोलायला लागले आणि मामांनी बटण दाबलं. फोटो बघून ते भांडायला आले, पण त्यांच्या बायकोने तो पदराआड केला. "ऱ्हाऊ द्या. घरात असंच तर वरडत्यात," म्हणाली. पुढे तोच फोटो त्यांच्या ओसरीवर लागला.

मामांचं खरं वेड मात्र स्टुडिओबाहेरचं होतं. रोल छत्तीस फोटोंचा. काळ्या कापडाच्या पिशवीत हात घालून, अंधारातच ते तो इतक्या बेताने भरायचे की शेवटी एक फोटो जास्तीचा निघायचा. "छत्तीस गिऱ्हाइकाचे, सदतिसावा माझा," हा त्यांचा कायदा. हा सदतिसावा रस्त्यावरच काढायचा आणि समोरच्याला कळू न देता. सायकलच्या कॅरिअरवर झोपलेलं पोर, न्हाव्यापुढे मान टाकून बसलेला फौजदार, एसटीच्या खिडकीतून वरच्यावर झेललेली चप्पल, असली त्यांची दौलत.

"रस्त्यावर रोज कायतरी नवं दिसतंच, मास्तर. न्हाई दिसलं तर डोळं धुवून यावं," असं ते मला सांगायचे आणि खरोखरच हॉटेलच्या पिंपापाशी जाऊन डोळ्यांवर पाणी मारून यायचे. मी तेव्हा शाळेत नुकताच लागलो होतो. मला हा माणूस भलताच आवडायचा.

कुणाला दिसू नये म्हणून कॅमेरा भाजीच्या पिशवीत, वरून कोथिंबिरीची जुडी. पण गुपित सगळ्या गावाला ठाऊक. पिशवी लांबून दिसली की अख्खा बाजार केस सारखे करायचा. मामा कपाळाला हात लावून म्हणायचे, "आता ह्यांचा काय फोटो काढू? सगळे नवरदेव झाले!"

अडचण अशी की, मनासारखा सदतिसावा मिळेपर्यंत रोल कॅमेऱ्यातून निघायचा नाही, आणि निघाल्याशिवाय नगरच्या लॅबला जायचा नाही. कुणाचं बारसं, कुणाचा साखरपुडा मामांच्या पिशवीत अडकून पडायचा. लोक वैतागायचे, पण हसण्यावारी न्यायचे. मीही हसायचो. आमच्या सुमीचं लग्न त्या पिशवीत अडकलं तेव्हा माझं हसू पळालं.

सुमी माझी धाकटी बहीण. तिला नेवाशाला दिली होती. लग्नाला तीन आठवडे झाले तरी फोटोंचा पत्ता नाही. सुमीचं पत्र आलं. सासूबाई चारचौघांत विचारतात, "तुमच्या गावात फोटोवाला होता, का नुसताच दिवा चमकवत होता?" पुढे सुमीने लिहिलं होतं, "दादा, काहीही कर पण पाठव. मला इथे मान वर करता येत नाही."

मी स्टुडिओत गेलो. मामा म्हणाले, "हुईल. अजून गावला न्हाई."

"मामा, बाहेर कावळा बसलाय. त्याचा काढा आणि रोल मोकळा करा!"

"कावळा नगं. ह्या रोलाचा ठरल्याला हाय."

मी संतापून घरी आलो आणि आत्यापुढे बडबडलो. सोनाआत्या म्हणजे वडिलांची बहीण. लग्नानंतर दोन वर्षांतच विधवा होऊन माघारी आलेली. आई गेल्यावर आम्हा दोघांना तिनेच वाढवलं. ती म्हणाली, "त्या येड्याचं नाव काढू नगंस. मी बाजारात गेले की मेला कायम तिथंच. पिशवी दिसली की मी रस्ताच बदलते."

पुढच्या बाजारानंतर तीन दिवसांनी मामांनी स्वतः पाकीट आणून दिलं आणि चहालाही न थांबता निघून गेले. आम्ही फोटो बघायला बसलो. अक्षता, सप्तपदी, आहेर, सगळं नीटनेटकं. शेवटी सदतिसावा. त्यात आत्या होती. भाजीवालीच्या ढिगातून मेथीची एक जास्तीची जुडी ओढताना, पदर घसरलेला, तोंडभर हसणारी. इतकं मोकळं हसताना मी तिला कधी पाहिलंच नव्हतं.

"अगं बाई! मी अशी दिसते व्हय?" म्हणत तिने फोटो उलटा ठेवला. थोड्या वेळाने हळूच परत सुलटा केला.

मी मात्र बाकीचे छत्तीस पुन्हा पहिल्यापासून बघितले. एकाही फोटोत आत्या नव्हती, मागच्या गर्दीतसुद्धा नाही. जिने सुमीला न्हाऊमाखू घालून वाढवली, ती लग्नभर चुलीपाशी बसली होती आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

तसाच उठून स्टुडिओत गेलो. मामा खुर्ची पुसत होते. मी काही विचारण्याआधीच म्हणाले,

"लग्नात म्हनलं हुतं तुमच्या आत्यांला, एक काढू. त्या म्हनल्या, शुभकार्यात माझं तोंड कशाला? आन् आत गेल्या. मी तवाच ठरिवलं."

"मग मला सांगायचं ना!"

"तुमी त्यांला धरून उभं केलं असतं, मास्तर. त्याबी मान खाली घालून ऱ्हायल्या असत्या. तसला नगं हुता मला."

मी म्हटलं, "मामा, पण एका फोटोसाठी एवढा आटापिटा का केलात?"

त्यांनी हातातलं फडकं खुर्चीच्या पाठीवर टाकलं. मग म्हणाले, "माझे वडील मी ल्हान असतानाच गेले. धंदा सुरू केला तवा गड्याला द्यायला पैसं न्हवतं. लग्नात आई यायची संगं, गॅसबत्ती धरायला. धा वर्सं लोकांच्या तोंडावर उजेड धरला तिनं. तुझा एक काढू म्हनलं की म्हनायची, पुढल्या रोलात. मीबी म्हनायचो, बरं, पुढल्या रोलात."

त्यांनी खण उघडून एक जुना काळापांढरा फोटो माझ्या हातात दिला. कुणाच्या तरी लग्नातला, मुंडावळ्या बांधलेलं अनोळखी जोडपं. अगदी कडेला, कागद संपतो तिथे, गॅसबत्ती धरलेला एक बांगड्या नसलेला हात मनगटापर्यंत आला होता.

मामांनी पंजाने जोडपं झाकलं आणि त्या हाताशी बोट नेलं.

"ही आई," म्हणाले.