शिंपल्यांवर चीज

“काका, शिंपले घातलेल्या स्पॅगेटीवर कुठलं चीज किसायचं हो?”

इटलीतल्या तोरिनो शहराच्या अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात नोएमीने विचारलं. इटलीत मासळीवर चीज घालणं म्हणजे घोर पाप, पण मैत्रिणींची पैजच तशी होती. शाळेच्या नाटकात काम केल्यापासून तिला जो कंठ फुटला होता, तो बसायचं नाव घेत नव्हता. पैज लावणाऱ्या दोघी ऑलिव्हच्या पिंपाआड तोंडात मफलर कोंबून हसत होत्या.

चीजवाल्या जिबाउदोकाकांनी सुरी खाली ठेवली. “मासळीवर चीज? कुणाची गं तू?”

नोएमीचा आवाज खर्रकन उतरला. ती कोपऱ्यावरच्या मासळीवाल्या कोझिमोची होती! बाबा दक्षिणेकडच्या बारी शहरातले. माल एकदम ताजा; पण शेजारचे घसा फोडून ओरडत असताना हा माणूस गिऱ्हाइकाशीही कुजबुजायचा. गिऱ्हाईक येणार कुठून? आज शेवटचा दिवस, उद्यापासून गाळा सोडला, असं त्यांनी सकाळीच आईला सांगितलं होतं. त्यात मुलीने हे दिवे लावले.

“पोरीला काय दटावता?” रांगेतून आद्दोलोराता आजी कडाडल्या. “आमच्या बारीला शिंपले-बटाटा-भातात चीज घालतातच!”

“भातात घाला, आंघोळीच्या पाण्यात घाला. स्पॅगेटीवर नाही!”

झालं! रांगेत दोन तट पडले. हातातल्या नंबराच्या चिठ्ठ्या कुठल्या कुठे गेल्या. शेवटी कुणीतरी ओरडलं, “बारीच्या दुसऱ्या कुणाला तरी विचारा ना!”

“आहे की, कोपऱ्यावरचा मासळीवाला!” आजींनी नोएमीचं मनगट धरलं आणि वरात निघाली. काका एप्रनसकट पुढे.

एवढी गर्दी अंगावर येताना बघून बाबांचा चेहरा पडला. “मासळी ताजी आहे हो,” ते कुणी काही विचारायच्या आतच पुटपुटले.

आजींनी प्रश्न सांगितला. बाबांनी लेकीकडे पाहिलं आणि ते काहीतरी कुजबुजले.

“काय म्हणाला?” मागून गलका झाला.

नोएमी खोक्यावर चढली. “बाबा म्हणतात, त्यांची आई घालते! पण पाहुणे आले की नाही घालत!”

“थापा!” जिबाउदोकाका गरजले. “आज घरी करून बघतो, मग बोलू. दे रे दोन किलो शिंपले!”

मग काय, ज्याला त्याला आपलंच खरं करून दाखवायचं होतं. बाबा भाव कुजबुजत होते, नोएमी तो आभाळाला ऐकवत होती. बघता बघता गाळ्यावर नुसता बर्फ उरला. थोड्या वेळाने काकांकडून वर्तमानपत्रात गुंडाळलेला मेंढीच्या दुधाच्या चीजचा गड्डा आला. सोबत निरोप : मी दिलं म्हणून कुणाला सांगू नका.

नोएमीकडून पैजेची गोष्ट ऐकून गाळ्यामागे उभी आई रिकाम्या बर्फाकडे बघत डोळे पुसत होती. “त्या पैजवाल्या पोरींना जेवायला बोलाव गं. देव त्यांचं भलं करो.”

“बोलावलंय!” नोएमी अजून खोक्यावरच होती. “आणि दोघंही ऐका. गाळा सोडायचा नाही. दर शनिवारी मी येणार. बाबा, तुम्ही फक्त वजन करायचं. ओरडायचं काम माझं!”