एकही लेकरू नसलेलं प्रकरण

तुमच्या मुलांना शिकवणाऱ्या गुरुजींना बीएडला कुत्र्याची लाळ किती मार्कांना होती, हे तुम्ही कधी विचारलंय का? विचारा एकदा. पाच मार्कांना होती.

मंठ्याच्या आमच्या बीएड कॉलेजात मानसशास्त्र शिकवणारे घोलप सर वर्तनवादाचं, म्हणजे बक्षीस-शिक्षेने वागणं घडतं या मताचं, प्रकरण आलं की टेबलावर अकरा गाईडं मांडतात. प्रत्येक गाईडवाल्याने आधीच्या गाईडातली आकृती गिरवलेली. पहिल्यात घंटी वाजली की लाळ गाळणारा कुत्रा आहे. अकराव्यापर्यंत येता येता त्याचे कान लोंबलेत आणि हनुवटीला दाढी फुटलीय.

"हे काय हाय?"

"शेळी, सर."

"बराबर! कुत्रा, उंदीर, मांजर, कबुतर, सगळे आले. आता या प्रकरणात लेकरू कुठंय ते दाखवा."

लेकरू नसतंच. शिक्षकांसाठी लिहिलेल्या प्रकरणात एकही मूल नाही. शेवटी 'मर्यादा' म्हणून एक ओळ मात्र अकराही गाईडांत शब्दशः सारखी: वर्तनवादी मुलाला प्राणी समजतात.

"प्राणी यांनीच छापले," सर भडकतात, "अन् बदनाम ते!"

मी तेव्हा क्रांतीची पत्रकं वाटत फिरायचो. पहिल्याच तासाला उठून म्हणालो, "सर, वर्तनवाद म्हणजे गुलाम घडवायचा कारखाना आहे."

"बिलकुल. कुठं वाचलं?"

"गाईडात."

"म्हंजे गाईडानं घंटी वाजवली अन् पुढाऱ्यानं लाळ गाळली."

वर्ग खो खो हसला. त्या दिवसापासून मी पुढारी.

सराव पाठाला सर मागच्या बाकावर बसतात आणि आम्ही पोरांवर किती वेळा डोळे वटारले तेवढंच मोजतात. माझ्या पाठानंतर म्हणाले, "पुढारी, क्रांती करून राह्यले का फौजदारी? तेवीस वेळा!" सरांच्या घरीही तेच. भाजी जमली की 'बराबर!' असं इतक्या जोरात म्हणतात की काकू पातेलं आपटतात. "मी काय कबुतर हाय का?"

येत्या मे महिन्यात सर निवृत्त होताहेत. त्याआधी निदान एका गाईडात एक तरी लेकरू छापून यावं, एवढीच त्यांची इच्छा. त्यांनी एक पान लिहिलं. माझ्या मोटरसायकलवर बसून आम्ही नवीन जालन्यात एका गाईडवाल्याकडे गेलो. त्याने पान वाचलं आणि परत दिलं.

"सर, लेकरू परीक्षेला येत न्हाई. उंदीर येतो."

परतताना चहाला थांबलो तेव्हा ते पान मी वाचलं. सर तरुणपणी कुंभार पिंपळगावात प्राथमिक शिक्षक होते. दुसरीत एक मुलगी शाळेत अवाक्षर बोलायची नाही. हजेरीत तिचं नाव आलं की सगळा वर्ग वळून बघायचा आणि ती आक्रसून जायची. सरांनी नियम केला: तिचं नाव आलं की सगळ्यांनी खिडकीबाहेर बघायचं, सरांनीसुद्धा. काही दिवसांनी मागून पाटीवर बोट वाजलं. सर खिडकीकडे बघतच 'बराबर' म्हणाले. मग एक दिवस हुंकार आला. पुन्हा 'बराबर'. आणि होळीच्या सुमारास, अगदी हळू, 'हजर'.

"पुढे काय झालं, सर?"

"पुढं माझी बदली झाली."

सरांचा चहा तसाच होता.

"ती बोलत राह्यली, का मी गेल्यावर पुन्हा गप झाली, मला काय माहीत? नावबी बदललं असंल लग्नात. गाईड गावोगाव जातं. म्हणलं, कुणी बीएडवाली वाचंल अन् म्हणंल, अरे, ही तर मी."

गाईडवाल्याने जे छापलं नाही, ते मी इथे छापतोय. तीसेक वर्षांपूर्वी कुंभार पिंपळगावात, दुसरीत, तुमचं नाव पुकारल्यावर सगळा वर्ग खिडकीबाहेर बघायचा का? किंवा तुमच्या आईने, बायकोने असं कधी सांगितलंय का? तर मे महिन्याच्या आत मंठ्याला या. घोलप सरांना भेटा. बोललंच पाहिजे असं काही नाही.