सतरा नंबरचा फिरता प्लॉट

जमीन एका जागी स्थिर असते, हा माणसाचा फार जुना गैरसमज आहे. नद्या वाहतात, ढग सरकतात, नर्सबायांच्या बदल्या होतात. मग जमिनीनेच तेवढं मुकाट बसून का राहावं, याचं समाधानकारक उत्तर आजवर कोणी दिलेलं नाही. मारेगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या 'शुभ्रधारा नगरी' या लेआउटने हा गैरसमज कायमचा दूर केला. त्याबद्दल या लेआउटचे प्रवर्तक, विक्रेते, मोजणीदार आणि (ग्राहकाची तक्रार असल्यास) तक्रार निवारण अधिकारी श्री. बबनराव यांचे आपण ऋणी राहिलं पाहिजे.

बबनराव मूळचे कापसाचे दलाल. मूठभर कापूस दाबायचा, डोळे मिटायचे आणि आत ओल किती ते सांगायचं, हे त्यांचं कसब. पुढे कापसाला विचारणारं कोणी उरलं नाही, पण मूठ शाबूत होती. मग ते शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभे राहून मूठभर माती दाबू लागले आणि डोळे मिटून सांगू लागले, "पूर्वाभिमुख." (ढगाळ दिवशी, "ईशान्य.")

त्यांच्या ग्राहक सत्यभामाबाई या उपकेंद्रावरच्या नर्स. अर्ध्या तालुक्याची नाळ त्यांच्या हातून कापली गेली, पण स्वतःच्या मालकीचा उंबरठा त्यांना नव्हता. निवृत्ती पाच वर्षांवर आली होती. त्या दिवशी सरकारी क्वार्टर सोडावं लागणार. क्वार्टरच्या दाराशी तेलाच्या डब्यात पिंपळाचं एक रोप होतं, भिंतीच्या फटीतून अलगद सोडवून आणलेलं. आपलं घर, त्यापुढे आपलं अंगण आणि अंगणात हे बोधीचं झाड, एवढीच बाईंची इच्छा. इच्छा लहान होती; डबा त्याहून लहान पडू लागला होता.

बबनरावांच्या गुलाबी पत्रकात पुढील सोयी छापल्या होत्या: नऊ मीटरचे रस्ते, हिरवागार बगीचा, दवाखाना हाकेच्या अंतरावर, शांत शेजार. यांपैकी शेजार खरोखर शांत होता. पऱ्हाटी बोलत नाही. लेआउट नकाशावर असला तरी जमिनीवर नेमसिंग नावाच्या शेतकऱ्याचं शेतच होतं, आणि प्लॉट विकून होईपर्यंत ते पडीत का ठेवायचं म्हणून तो दरवर्षी त्यात कापूस पेरत होता. रस्त्यावर, बगीच्यावर, सगळीकडे सारखाच. त्याच्या मनात भेदभाव नव्हता. दिवाळीच्या सुमारास बोंडं फुटली आणि नऊ मीटरचा रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत चांदणं सांडल्यासारखा पांढरा झाला. बबनरावांनी लगेच नव्या पत्रकात छापलं: रस्त्याचं काम पूर्ण.

सतरा नंबरचा प्लॉट बाईंच्या नावे झाला, तेव्हा कागदात चतुःसीमा जागेवर उभं राहून, डोळ्यांना दिसलं तशा लिहिल्या गेल्या. पूर्वेस पऱ्हाटी, पश्चिमेस पऱ्हाटी, उत्तरेस पऱ्हाटी, दक्षिणेस नेमसिंगचा तांबडा बैल.

दुसऱ्या वर्षी बाई प्लॉट पाहायला गेल्या, तर दक्षिणेचा बैल विकला गेलेला होता.

"बबनराव, मागल्या खेपेले हा प्लॉट विहिरीजवळ होता. आता बाभळीपाशी कसा आला?"

"ताई, मोजणी पावलाची हाये. तवा माह्या पायात बूट होते."

"आन् आता?"

"आता गुडघा धरला. पाऊल आखूड पडते. पन फायदा तुमचाच हाये, रस्ता जवळ आला ना."

"अन् हे कोपऱ्याचे गोटे? हे तरी जागेवर हायेत का?"

हा प्रश्न नेमसिंगकडे वर्ग करण्यात आला. तो वखर थांबवून प्रामाणिकपणे म्हणाला, "नर्सबाई, गोटे वखराले आडवे येते. मी उचलून धुऱ्यावर ठेवतो. वखरनं झालं का परत आनून मांडतो. एक गोटा कमी भरला तर मले सांगा."

"परत कुठं मांडता?"

"बैल दम घेते तिथं."

अशा रीतीने सतरा नंबरचा प्लॉट बूट, गुडघा आणि बैलांचा दम या तीन शास्त्रीय आधारांवर दरसाल सरासरी अकरा हात प्रवास करत होता. (चांगल्या पावसाच्या वर्षी बैल ताजे असल्याने सोळा.) बाईंनी सहा वेळा फोन केला, चार वेळा कार्यालयात चकरा मारल्या. कार्यालय म्हणजे पानठेल्यामागचं बाकडं. दरवेळी बबनरावांनी त्यांना चहा पाजला, जुन्या बाळंतपणाची आठवण काढली ("माह्या लेकीच्या टायमाले तुमीच होत्या ना ताई") आणि येत्या सोमवारी टेप घेऊन येतो असं सांगितलं. सोमवार आले. टेप कोणत्या सोमवारी, हे ठरलेलं नव्हतं.

तिसऱ्या वर्षी डबा फुटला. मुळं बाहेर आली होती. बाई रोप कडेवर घेऊन, लेकरू आणावं तशा शेतात आल्या आणि त्या दिवशी प्लॉट जिथे होता तिथे मधोमध त्यांनी ते लावलं. पिंपळावर कोण वखर घालणार? नेमसिंगने हात जोडले आणि बैल वळवले. प्लॉट पहिल्यांदाच थांबला.

बबनराव आले, झाडाकडे पाहून गहिवरले.

"ताई, झाड आलं. म्हंजे बगीचा इथंच होता. नकाशात हिरवा रंग मारला होता, जागाच घावत नव्हती."

"हा माहा प्लॉट हाये."

"होता. बगिच्यात कोनाचा प्लॉट राह्यते का? तुमाले दुसरा दाखवतो ना, नाल्याकडं. मस्त हवा हाये."

आणि त्यांनी वाकून मूठभर माती उचलली.

बाईंनी ती मूठ पाहिली, आणि बबनरावांनी डोळे मिटायच्या आत त्यांच्या हातातून माती झाडून टाकली. पुढे दोन वर्षांनी, निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी क्वार्टर सोडून, टिनाची दोन खोल्यांची शेड टाकून त्या पिंपळाखाली राहायला आल्या. ग्राहकाने असा अविश्वास दाखवूनही बबनराव रागावले नाहीत. त्यांनी पत्रक बदललं नाही, कारण गरजच उरली नव्हती. बगीचा होता. तापाच्या गोळ्या आणि इंजेक्शनची सुई घेऊन बाई बसल्या होत्या, तेव्हा दवाखानाही हाकेच्या अंतरावर होता. जी आश्वासनं विक्रेत्याने द्यायची ती ग्राहकाने पूर्ण करायची, ही पद्धत या जिल्ह्यात तरी इतकी यशस्वी कधी झाली नव्हती. सहा महिन्यांत सगळे प्लॉट विकले गेले. बगिच्यासमोरचे आधी.

आता तिथे चाळीस घरं आहेत. संध्याकाळी पिंपळाची पानं चमचम करतात आणि माणसं सावली संपली तरी उठत नाहीत. मागच्या महिन्यात रहिवाशांनी पंचायतीला एक नम्र अर्ज दिला: सार्वजनिक बगिच्यात एका महिलेने टिनाची शेड टाकून अतिक्रमण केलं आहे, ते हटवावं, झाड मात्र राहू द्यावं.

नेमसिंगने बातमी आणली तेव्हा बाई झाडाला पाणी घालत होत्या. त्या म्हणाल्या, "मी आता हलत नाई भाऊ. तीन वर्सं जमीनच फिरून राह्यली होती, तिले थकू दे."

अर्जावर बबनरावांची सही नाही. असल्या कटुतेपासून ते नेहमी लांब राहतात. सह्या एकोणचाळीस आहेत, सगळ्या बगिच्याच्या शौकिनांच्या. अकराव्या सहीचं वळण ओळखीचं आहे. गेल्या आठवड्यात तुमच्या पोराचा ताप उतरला तेव्हा "बाई, तुमचे उपकार विसरणार नाही" असं म्हणून बाईंच्या वहीत ज्या हाताने नाव-पत्ता लिहून दिलात ना, तोच हात. पत्ता तुम्ही असा लिहिलात: पिंपळासमोर.