टोपी घालून पोहणारे वामनराव

क्षिप्रेत पोहणारे मी पुष्कळ पाहिले. कुणी लंगोट लावून पोहतं, कुणी धोतराचा काचा मारून, आणि परगावचे यात्रेकरू तर अंगरख्यासकट उतरतात. पण डोक्यावर काळी टोपी घालून पोहणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे वामनराव ढवळीकर. मान ताठ, हनुवटी पाण्याच्या वर, चेहरा साहेबांसमोर फाइल घेऊन उभं राहिल्यासारखा. आणि घाटावर परत येत तेव्हा टोपी गेली होती तशीच कोरडी असे.

वामनराव माझ्या शेजारी राहत आणि दफ्तरातही माझ्याच शेजारी बसत. म्हणजे सुटका कुठेच नाही. सकाळी मला रामघाटावर ओढून नेणारेही तेच. मला पोहता येत नाही. मी पायरीवर बसून त्यांचा पंचा आणि चष्मा सांभाळतो आणि थट्टा करतो. तेवढं मला चांगलं जमतं.

त्यांचा आवडता शब्द 'रीतसर'. पाऊस आला तर तो रीतसर आला का, वरण शिजलं तर रीतसर शिजलं का. सगळा इतिहास मात्र ते केसांवरून सांगत. "नाना, ग्वाल्हेर संस्थान होतं ना, तेव्हा माझे असे कुरळे केस होते की न्हावी कैची ठेवून बघत राहायचा. मग संस्थान गेलं, मध्यभारत आला, आणि इकडे माझे गळायला लागले." आता मध्यभारतही मोडून मोठं राज्य होणार, दफ्तर भोपाळला जाणार, अशा गोष्टी रोज चालू होत्या. आम्ही सगळे घर कुठे मिळेल, पोरांच्या शाळेचं काय, या काळजीत. वामनराव म्हणत, "नवीन राज्य, नवीन केस! भोपाळला मी टोपी काढून हजर होणार."

झालं होतं असं की त्यांच्या डोक्याला चाई पडली. आधी कानामागे एक गोल चट्टा, मग दुसरा, आणि बघता बघता टाळूवर गावांचा नकाशा. लग्न राहिलंच होतं. आईवडील लवकर गेले, धाकट्या बहिणींची लग्नं करता करता यांचं वय निघून गेलं. एक स्थळ आलं होतं, त्या मंडळींनी टोपी काढायला सांगितली आणि चहा न पिताच उठले. हे ते स्वतःच हसत हसत सांगत. पण त्या दिवसापासून टोपी डोक्यावर चढली ती झोपतानाच उतरे.

त्याहून मोठं दुःख पोहण्याचं. घाटाच्या वरच्या बुरुजावरून सूर मारणारा त्यांच्यासारखा दुसरा कुणी नव्हता. पावसाळ्यात नदी भरली की लोक खास बघायला येत. हा माणूस फायलीतून मान वर काढत नसे, पण बुरुजावर उभा राहिला की वेगळाच दिसे. चाई पडल्यावर सूर बंद झाला. टोपी घालून सूर मारता येत नाही, आणि काढून मारायची लाज.

मग कुणीतरी भैरवगढच्या वैद्यजींचं नाव सांगितलं. वैद्यजी मालवी ब्राह्मण, फार म्हातारे, डोळ्यांनी जवळजवळ अधू. कापड छापणाऱ्यांच्या गल्लीत एका खोलीत एकटेच राहत. त्यांचा उपाय असा, की चट्ट्यावर सुईने टोचायचं, रक्त आलं की गुंजेचा लेप लावायचा. पहिल्या दिवशी वामनराव डोक्याला तिथलंच लाल छापाचं फडकं बांधून दफ्तरात आले. रंग कच्चा निघाला. दुपारपर्यंत कपाळावरून असे ओघळ आले की मोठ्या साहेबांनी खुर्ची सोडून विचारलं, "ढवळीकर, किसने मारा?"

वैद्यजींचे हुकूम कडक होते. खपल्या पडेपर्यंत डोक्याला पाणी नाही, ऊन नाही, खाजवणं नाही. आणि नदी? वैद्यजी म्हणाले, "नदी कहीं भागी नहीं जा रही. धीरे धीरे उतरना."

यावर वामनरावांनी नदीत उतरण्याची जी रीत बसवली ती सगळ्या घाटाने पाहिली. सुरुवातीला फक्त पावलं बुडवून उभे. खपल्या पडल्यावर गुडघ्यापर्यंत. प्रत्येक वेळी भैरवगढला जाऊन विचारायचं आणि मगच एक पायरी खाली. मांगीलाल नाववाला रोज ओरडे, "आज कहाँ तक, बाबूजी?" आणि हे गंभीरपणे सांगत, "आज कमर तक मंजूर हुआ है." पुढे गळ्यापर्यंत मंजुरी मिळाली आणि पोहणं सुरू झालं. ऊन लागू नये म्हणून टोपी. डोकं भिजू नये म्हणून ताठ मान.

या काळात मला एक नवीन त्रास सुरू झाला. दफ्तरात, रस्त्यात, टावर चौकात, कुठेही वामनराव मला आडोशाला घेत, टोपी जराशी उचलत आणि म्हणत, "नाना, हात लावून बघा ना. खुंट टोचून राहिलेत की नाही?" वैद्यजी म्हणे तळहात फिरवूनच बघत आणि म्हणत, "चुभ रहे हैं, बाबू, चुभ रहे हैं." मी म्हणायचो, "अहो, चारचौघांत काय हे! तुमचं डोकं, तुम्हीच बघा." चारचौघं नसले तरी मी हेच म्हणायचो. दुसऱ्याच्या डोक्यावर हात फिरवायचं माझं वय नव्हतं आणि त्यांचंही.

पण केस आले बरं का! आधी पांढरी लव, मग काळी. आणि त्याची खात्री ज्या पद्धतीने झाली ती क्षिप्रेच्या काठीच होऊ शकते.

एका सकाळी परगावच्या यात्रेकरू बायकांनी पाण्यावरून टोपी चाललेली पाहिली. खाली माणूस आहे हे त्यांच्या ध्यानात आलं नाही, किंवा आलं ते बुडतोय असंच आलं. "डूबा! डूबा!" असा ओरडा झाला. मांगीलालने मागचापुढचा विचार न करता नावेतून उडी टाकली. बुडणाऱ्याला केसांना धरून ओढायचं, हे त्याला बापाने शिकवलेलं. त्याने टोपी भिरकावली आणि वामनरावांचे नवे केस मुठीत धरले.

"छोड! बाल छोड!" वामनराव किंचाळले. "डुबा दे, मगर बाल छोड दे!"

मांगीलालने त्यांना तसंच पायरीपर्यंत आणलं. मला वाटलं आता रडतात. पण वामनराव बसले, मांगीलालची मूठ उघडून बघितली, दोन्ही बाजूंनी बघितली, आणि त्याला मिठीच मारली. "नाना, एकही निघाला नाही! एवढं ओढलं तरी एकही नाही!" तसेच ओल्या धोतराने भैरवगढला निघाले. मीही मागे गेलो, चष्मा माझ्याकडे होता ना.

वैद्यजींनी डोकं चाचपलं आणि म्हणाले, "अब आखरी काम. एक बार उस्तरा फिरवा लो. फिर से निकले, तो समझो जड़ पकड़ी. फिर जहाँ से चाहो कूदो."

वामनरावांचा चेहरा पडला. "वैद्यजी, आणि नाही निकले तो?"

"तो मेरी दवाई झूठी," वैद्यजी म्हणाले आणि हसले.

वस्तरा काही फिरला नाही. आज शनिवार, उद्या अमावास्या, परवा साहेबांचा दौरा. मी म्हणायचो, "आता हेही रीतसर होऊ द्या." तर म्हणत, "जे आलंय ते जाऊ देऊ? फिर नाही आले तर, नाना?" टोपी घालून पोहणं चालू राहिलं. बुरुजाकडे बघणंही चालू राहिलं.

एक गोष्ट मला कळत नव्हती. औषध संपलं होतं, तरी हे गृहस्थ दर रविवारी भैरवगढला जात. तेही डबा घेऊन. एकदा विचारलं तर म्हणाले, "खिचडी जास्त होते हो. एकट्या माणसाला अंदाज नाही येत." मी विश्वास ठेवला, कारण न ठेवण्याइतका विचार केला नव्हता.

हिवाळ्यात एका सकाळी भैरवगढचा एक छापेवाला दफ्तरात निरोप घेऊन आला. वैद्यजी गेले. वामनराव हातातला टाक ठेवून उठले. मीही गेलो.

चक्रतीर्थाच्या स्मशानात गल्लीतली माणसं जमली होती. पंडितजींनी विचारलं, "कर्ता कौन है?" सगळे एकमेकांकडे बघायला लागले. वैद्यजींना ना मूल, ना भाऊ, ना पुतण्या.

वामनराव पुढे झाले.

पंडितजींनी त्यांच्याकडे पाहिलं. इकडे आम्हा मराठी माणसांना दक्षिणी म्हणतात. "आप तो दक्षिणी हैं. आपके कौन लगते थे?"

"इनका कोई नहीं," वामनराव म्हणाले. "मेरे घर में भी कोई नहीं. इतवार को हम दोनों साथ खाते थे. इतना रिश्ता चलेगा ना?"

पंडितजींनी न्हाव्याला हाक मारली.

अग्नी देण्याआधी क्षौर करावं लागतं, हे वामनरावांना माहीत होतं आणि मलाही. मी पुढे होऊन कानात म्हटलं, "वामनराव, दुसरा कुणी बघू. मी उभा राहतो." त्यांनी नुसती मान हलवली, टोपी काढून माझ्या हातात दिली आणि न्हाव्यापुढे बसले. इतक्या महिन्यांचे, टोचून, रक्त काढून, पायरी पायरीने वाढवलेले केस त्यांच्या मांडीवर पडत होते. केसांकडे ते बघत नव्हते. ते चितेकडे बघत होते.

मग स्नान. पाण्यात उतरले आणि डोक्यासकट बुडी मारली. कितीतरी दिवसांनी त्यांचं डोकं क्षिप्रेच्या पाण्याखाली गेलं. वर आले तेव्हा डोळे लाल होते. मला पोहता येत नाही याचं त्या दिवशी खरोखर वाईट वाटलं, नाहीतर मी त्यांच्याबरोबर उतरलो असतो.

दोन-तीन आठवड्यांत दफ्तर भोपाळला हलायचा हुकूम आला. माझी बदली टळली, त्यांची झाली. निघायच्या आदल्या सकाळी म्हणाले, "नाना, जरा भैरवगढला येऊन जा ना."

वैद्यजींच्या खोलीला कुलूप होतं. वामनराव उंबऱ्यासमोर बसले, टोपी काढली आणि दाराकडे डोकं वाकवलं, जसे नेहमी दाखवायला बसत तसे. "देख लीजिए, वैद्यजी," म्हणाले. गल्लीत कापडं वाळत होती, माणसं जात-येत होती. चारचौघं काय, अख्खी गल्ली होती.

मी पुढे झालो आणि त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. कानामागून टाळूपर्यंत, चट्टे होते तिथे सगळीकडे फिरवला. तळहाताला बारीक बारीक खुंट लागले. एक जागा सुटली नव्हती.

"चुभ रहे हैं, बाबू," मी म्हटलं. "सगळीकडे चुभ रहे हैं."

वामनराव उठले, टोपी माझ्याकडे दिली आणि तडक रामघाटाची वाट धरली. मी पायऱ्यांवर पोचेपर्यंत ते बुरुजावर चढले होते. उघडं डोकं उन्हात चकाकत होतं. खालून मांगीलालने नाव थांबवून हाक दिली, "आज कहाँ तक, बाबूजी?"

"आज पूरा मंजूर है!" वामनराव वरून ओरडले आणि त्यांनी सूर मारला.

टोपी माझ्याच हातात राहिली. दुसऱ्या दिवशी भोपाळला निघताना ते निरोप घ्यायला आले, बहिणींचे पत्ते देऊन गेले, खिचडीचं पातेलंही ठेवून गेले. टोपी मात्र त्यांनी मागितली नाही.