खडकोलीला जायला नकार

मंगळवारी सकाळी सर्व्हरच्या रांगेत थांबलेल्या लेखांनी खडकोलीला जायला नकार दिला. नकार तोंडी होता. मृदुला खांडेपारकर यांनी तो उभ्यानेच ऐकून घेतला.

मृदुलाबाई विद्यापीठाच्या संगणक केंद्रात न्यूजग्रुप सांभाळत. गावोगावची माणसं नाना विषयांवर लेख लिहीत, ते इथल्या सर्व्हरवर जमत आणि फोनची लाइन लागली की दूरदूरच्या केंद्रांकडे रवाना होत. रांगेचे नियम बाईंनीच घालून दिले होते आणि आजवर एकाही लेखाने त्यांच्यापुढे आवाज चढवला नव्हता.

"कारण सांगा," बाई म्हणाल्या.

सर्वांत पुढे आंब्याच्या कलमांवरचा एक लांबलचक लेख उभा होता. त्याने घसा साफ केला. "तिथे आम्हाला कुणी वाचत नाही, बाई. पोचतो, डिस्कवर पडून राहतो, मुदत संपली की पुसले जातो."

"पुसलं जाणं कुणाला चुकलंय?"

"चुकलं नाही. पण वाचून झाल्यावर."

मुद्दा रास्त होता. एरवी बाईंनी त्यावर सवडीने विचार केला असता. पण रांगेच्या शेपटाशी असलेला एक चिमुकला लेख पुढे वाकून म्हणाला, "मला मात्र जावंच लागेल." खडकोलीच्या डॉक्टर इरावती मुणगेकरांनी वैद्यकाच्या गटात विंचूदंशाबद्दल प्रश्न टाकला होता. हा लेख म्हणजे त्याचं उत्तर. दवाखान्यात एक शाळकरी मुलगी घामाने निथळत पडली होती.

"तुला फोनवर वाचून दाखवते," बाई म्हणाल्या.

"फोनवर मी ऐकीव गोष्ट होईन. औषधाचा आकडा कुणी चुकीचा ऐकला तर?"

तेही खरं होतं. बाईंनी कलमांच्या लेखाकडे पाहिलं. "याला पुढे जाऊ द्या."

"आधी आला तो आधी जाईल, हा नियम तुमचाच."

बाईंचाच होता, आणि तो मोडायचा त्यांचा विचार नव्हता. नियमही राहील आणि उत्तरही जाईल, याविषयी त्यांना तिळमात्र शंका नव्हती. त्यांनी खडकोलीच्या केंद्रात फोन लावला.

"तिरोडकर, तुमच्याकडे आंब्याची कलमं कोण बांधतं?"

"आमचे सासरे बांधतात, बाई. पण दरवर्षी मरतात."

"सासरे?"

"कलमं."

"त्यांना बोलवा. धावत."

सासरे, दाजीबा, शेजारच्याच घरातून धापा टाकत आले. बाईंनी रिसीव्हर सर्व्हरपाशी धरला.

"मला शेवटपर्यंत वाचाल?" लेखाने विचारलं.

"वाचीन की! पण पटलं नाही तर भांडेन हो."

लेखाने आपल्या ओळी सरळ केल्या. त्याच्याशी भांडायची तयारी आजवर कुणी दाखवली नव्हती.

"लाइन जोडा," तो म्हणाला.

मग तबल्यावरच्या लेखाने वाचक मागितला, बुद्धिबळावरच्याने मागितला. तिरोडकरांनी पोस्टमास्तरांना आणलं, भजनी मंडळातल्या एकाला आणलं. उरलेल्यांना "मी वाचतो" असा स्वतःचा शब्द दिला. रांग भराभर सरकू लागली. चिमुकला लेख आपल्या पाळीने, कुणालाही न ओलांडता, खडकोलीला पोचला. डॉक्टरांनी तो दवाखान्याच्या दारातच उभ्याउभ्या वाचला आणि तशाच आत धावल्या. संध्याकाळी तिरोडकरांचा फोन आला, की मुलगी उठून बसली आहे आणि पेज नको, मासे हवेत म्हणून हटून बसली आहे. बाईंनी डोळे टिपले आणि सर्व्हरला तसं कळवलं. आत बराच वेळ टाळ्या वाजत होत्या.

बुधवारी सकाळी बाई कामावर आल्या, तर बाकी सगळ्या गावांच्या रांगा ओस पडलेल्या. तिथले लेख आपापली जागा सोडून खडकोलीच्या रांगेत दाटीवाटीने उभे होते.

"हे चालणार नाही," बाई म्हणाल्या. "खडकोलीला बदली हवी असेल त्याने अर्ज करावा. ज्येष्ठतेप्रमाणे विचार होईल."

लेखांत थोडी कुजबुज झाली. पण ज्येष्ठतेचं तत्त्व सर्वांना मान्य होतं. कालच दाखल झालेला पतंगांवरचा एक लेख मुकाट्याने रांगेतून बाहेर पडला आणि दुपारच्या लाइनने सोलापूरला रुजू झाला.