कपाटातले बावीस अंश

ऋतू बदलण्याचा अधिकार नेमका कुणाला आहे हे एकदा ठरलं, की समाजाचे बरेच प्रश्न सुटतात. वेग नियंत्रण मंडळात हा अधिकार संचालकांना आहे. त्यांच्या सहीने अकराव्या महिन्याच्या पंधरा तारखेला हिवाळा सुरू होतो आणि तिसऱ्या महिन्याच्या पंधरा तारखेला संपतो. (मध्ये संचालक रजेवर गेले तर हिवाळा उपसंचालकांच्या सहीने चालू राहतो.) त्या वर्षी मात्र थंडी सहा तारखेलाच पडली, कुणालाही न विचारता. आणि त्याच सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी मंडळाच्या टायर विभागातला फोन वाजला.

मिस्त्रीने एका हाताने फोन उचलला, दुसऱ्या हातात पाना होता.

"मिस्त्री, फाटकापाशी या," पहारेकरी म्हणाला. "चालत नका येऊ."

तो पाना घेऊनच पळाला. पाना फाटकापर्यंत गेला, रुग्णवाहिकेत बसला आणि इस्पितळातही चार तास त्याच्या हातात राहिला. बारा वाजता डॉक्टर बाहेर आले आणि काही बोलायच्या आधी त्यांनी चष्मा काढला. मिस्त्रीला तेवढ्यावरून कळलं. त्याची बायको मंडळाच्या फाटकासमोर, पांढऱ्या पट्ट्यांवरून रस्ता ओलांडत होती. उपसंचालकांची गाडी थांबायला हवी होती. ती थांबली नाही.

(पाना भांडारात परत न आल्याबद्दलचं स्मरणपत्र तिसऱ्या दिवशी घरी आलं. भाषा अतिशय सौम्य होती.)

आता मंडळाबद्दल दोन चांगले शब्द. रस्त्यावरचा वेग आटोक्यात ठेवणं हे या मंडळाचं काम. जोरात जाणाऱ्याला पकडायचं तर त्याच्याहून जोरात जावं लागतं, हे साधं तत्त्व मंडळाने फार लवकर ओळखलं. म्हणून मंडळाकडे पाचशे अश्वशक्तीच्या सव्वीस गाड्या आहेत. पाचशे घोडे जमिनीवर टिकून राहावेत म्हणून या गाड्यांना उन्हाळी टायर लावतात. त्यांचं रबर मऊ असतं. डांबर तापलेलं असलं की ते डिंकासारखं रस्त्याला धरून बसतं, आणि गाडी वळणावर अशी चिकटून जाते की आत बसलेल्या अधिकाऱ्याला आपण गाडी फार छान चालवतो असं वाटू लागतं.

सात अंशांच्या खाली हेच रबर शाळेतल्या पाटीसारखं कडक होतं. पाटीवर पाचशे घोडे उभे केले तर काय होईल, हे शाळकरी मुलगाही सांगेल. म्हणूनच मंडळाने हा प्रश्न कधी कुणाला विचारला नव्हता. टायरसोबत येणाऱ्या पुस्तिकेत दुसऱ्याच पानावर लिहिलेलं आहे की सात अंशांखाली हे टायर वापरू नयेत, आणि पाणी गोठेल इतक्या थंडीत तर गाडी जागची हलवूही नये, रबराला चिरा पडतात. सव्वीस गाड्यांच्या सव्वीस पुस्तिका भांडारात प्लास्टिकच्या वेष्टनासकट जपून ठेवल्या आहेत.

हिवाळी टायर नाहीत असंही नाही. एकशे चार आहेत, ताडपत्रीखाली. पण ते अरुंद असतात आणि अधिकाऱ्यांना आवडत नाहीत. एका साहेबांच्या मते ते लावले की गाडी स्लिपर घालून लग्नाला आल्यासारखी दिसते. त्यामुळे पंधरा तारखेच्या आधी त्यांचं नाव काढायचं नाही, असा रिवाज पडला होता. अपवाद एकच. भांडारातल्या नोंदवहीत तापमान सात अंशांखाली गेलेलं दिसलं, तर तारखेची वाट न पाहता टायर बदलावेत, असा स्पष्ट नियम होता. नियम उत्तम होता. तो मिस्त्रीनेच सुचवला होता.

मंडळाचा तापमापक पूर्वी बाहेरच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेला असे. तेरा वर्षांपूर्वी तो चोरीला गेला. नवा आला तेव्हा तो सुरक्षित जागी ठेवण्याचा आदेश निघाला. मंडळात सर्वांत सुरक्षित जागा म्हणजे भांडारपालाच्या मागचं लोखंडी कपाट. त्याला कुलूप आहे आणि शेजारी हीटर आहे. भांडारपाल रोज सकाळी आठ वाजता कुलूप काढतो, चष्मा लावतो आणि आकडा लिहितो. तेरा वर्षांत आकडा बावीस आहे. फक्त एका दिवशी नऊ आहे. त्या दिवशी हीटर दुरुस्तीला गेला होता, शेजारी शेरा आहे, "उपकरणात बिघाड."

मिस्त्रीच्या घरी वेगळी पद्धत होती. त्याची बायको उठली की स्वयंपाकघराच्या खिडकीच्या काचेवर तळहात ठेवायची, डोळे मिटायची आणि आकडा सांगायची. "अहो, आज अकरा. स्वेटर नको, मफलर घ्या." लग्नानंतर दोन वर्षांनी त्याने एका रविवारी भांडारपालाकडून तो तापमापक उसना आणला आणि गुपचूप खिडकीबाहेर टांगला. ती अर्ध्या अंशाने चुकली.

"तुमच्या त्या नळीत काहीतरी खोट असेल," ती म्हणाली.

ती मंडळाच्या समोरच्या ग्रंथालयात फाटकी पुस्तकं शिवायची. तिचं काम सव्वाआठला सुरू व्हायचं, त्याचं साडेसातला. त्या सहा तारखेला तो बूट घालत होता, तेव्हा तिने काचेवरून हात झटकन काढला.

"चार."

"असेल."

"असेल काय? चार आहे म्हणते मी. काढून टाका ते टायर."

"पंधराला काढतात. आज सहा आहे."

"मग थंडीला सांगा, बाई गं, नऊ दिवसांनी ये."

मिस्त्री हसला. हसतच घराबाहेर पडला. पुढे काय झालं ते वर आलंच आहे.

अपघाताच्या चौकशीसाठी तीन सदस्यांची समिती नेमली गेली. तिच्या कामाबद्दल वाईट बोलायला जागा नाही. आठवड्याभरात चार बैठका झाल्या, एकसष्ट पानांचा अहवाल झाला, आणि मिस्त्रीला त्याची प्रत बांधीव स्वरूपात मिळाली. (शिवण कच्ची होती. बायको असती तर तिने ती आधी उसवली असती.) निष्कर्ष असे: ब्रेक उत्तम स्थितीत होते. चालक (म्हणजे स्वतः उपसंचालक) प्रशिक्षित होता. रस्ता कोरडा होता. टायर जवळपास नवे होते. नोंदवहीनुसार तापमान बावीस अंश होते. बावीस अंशांना अशी गाडी, त्या वेगाने, सव्वीस मीटरांत थांबते. पट्टे एकतीस मीटरांवर होते. सबब गाडी पट्ट्यांच्या पाच मीटर अलीकडे थांबली. गाडी प्रत्यक्षात पुढे गेल्याचे समितीला मान्य आहे. परंतु त्यास तांत्रिक आधार आढळून आला नाही.

मिस्त्रीने चव्वेचाळिसावं पान दोनदा वाचलं. त्या पानावर त्याची बायको जिवंत होती. पट्ट्यांवरून पलीकडे गेली होती आणि बहुधा वेळेवर कामाला पोचली होती.

समितीने एक शिफारसही केली. उपसंचालकांच्या गाडीचे चारही टायर पुरावा असल्यामुळे त्यांना सील लावावं आणि पुढील आदेशापर्यंत ते काढू नयेत. गाडी मात्र कामाची असल्यामुळे वापरात ठेवावी. त्याप्रमाणे चारही चाकांच्या नटांवर लाखेचं सील बसलं. मिस्त्रीनेच मेणबत्ती धरली होती.

पंधरा तारखेला हिवाळा सुरू झाला. त्या दिवशी लख्ख ऊन होतं, सतरा अंश तरी असतील. मिस्त्रीने दोन दिवसांत पंचवीस गाड्यांचे शंभर टायर बदलले. चार हिवाळी टायर ताडपत्रीखालीच राहिले.

उपसंचालक एका संध्याकाळी मिस्त्रीच्या घरी आले. चालत आले होते. ती गाडी त्यांनी परत कधी चालवली नाही. ती आता ज्याला लागेल तो नेतो. ते दारातच उभे राहिले.

"मिस्त्री, मी ब्रेक पूर्ण दाबला होता."

"दाबला असणारच, साहेब."

"पायाखाली नुसतं थरथरलं. गाडी थांबलीच नाही. बर्फावर गेल्यासारखी गेली, आणि बर्फ तर नव्हता."

"नव्हता."

"मग काय होतं?"

"चार अंश होतं," मिस्त्री म्हणाला. "तिनं सांगितलं होतं."

मग त्यांनी विचारलं, "कुणाला?" आणि मिस्त्री खुर्ची आणायला आत गेला.

मेहुणा मात्र चिडला होता. बहिणीच्या तेराव्यानंतरही तो महिनाभर येत राहिला आणि दर खेपेला तेच बोलत राहिला.

"भावजी, तुम्ही भांडत का नाही? त्यांच्या टेबलावर मूठ आपटा की एकदा."

"मला खिळा पाहिजे."

"काय पाहिजे?"

"बाहेरच्या भिंतीवर खिळा आहे अजून. तापमापक कपाटातून काढून त्या खिळ्याला लावायचा. तेवढंच पाहिजे."

"आणि माझी बहीण?"

"तिनं सांगितलं होतं रे. मी हसलो."

यावर मेहुण्याने चहाचा कप खाली ठेवला आणि पुन्हा मुठीचं नाव काढलं नाही.

मिस्त्रीचा अर्ज अडीच ओळींचा होता. त्याला मंडळाने दिलेलं लक्ष पाहिलं की सामान्य माणसाचा शासनव्यवस्थेवर विश्वास बसतो. अर्ज भांडार विभागाकडे गेला. त्यांनी विचारलं, बाहेरचे तापमान उपकरणास सोसवेल काय? इमारत विभागाने विचारलं, खिळा कोणाच्या अखत्यारीत आहे? विधी विभागाने विचारलं, बाहेरचा आकडा वेगळा आल्यास मागील तेरा वर्षांच्या आकड्यांचे काय करावे? हा शेवटचा प्रश्न फार खोल होता. त्यावर सात महिने विचार झाला. मध्ये उन्हाळा येऊन गेला, डांबर तापलं, उन्हाळी टायर डिंकासारखे चिकटले, आणि अधिकारी म्हणू लागले की मिस्त्री उगाच घाबरवतो, टायर तर झकास आहेत.

दहाव्या महिन्यात मंजुरी आली. तापमापक बाहेरच्या भिंतीवर लावण्यास हरकत नाही. मात्र उपकरण नाजूक असल्याने थंडीपासून त्याचे संरक्षण व्हावे, यासाठी ते काचेच्या बंद पेटीत, कुलपासह, आत लहान हीटर बसवून लावावे.

पेटी मिस्त्रीनेच त्या खिळ्याला टांगली. पहिल्या कडक थंडीच्या सकाळी भांडारपाल कानटोपी घालून बाहेर आला आणि त्याने काच पुसून आकडा पाहिला.

"मिस्त्री, नाक गळतंय माझं," तो म्हणाला, "बोटं बधिर झालीत. पण आकडा तोच आहे बघ."

"लिही मग."

"काय लिहू?"

"काय दिसतंय?"

भांडारपाल वाईट माणूस नाही. त्याने मिस्त्रीकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं, आणि बावीस लिहिलं. पुढच्या वर्षी तो निवृत्त होतोय, आणि तेरा वर्षांची वही त्याला बिनडाग हवी आहे.

मिस्त्रीने घरच्या खिडकीबाहेर एक साधा तापमापक टांगला आहे. पण तो उठल्या उठल्या त्याच्याकडे पाहत नाही. आधी काचेवर तळहात ठेवतो, डोळे मिटतो, आकडा म्हणतो, मग बाहेर बघतो. पहिल्या महिन्यात सहा-सात अंशांनी चुकायचा. आता दोनांवर आला आहे. हे कसं करायचं ते त्याने तिला कधी विचारलं नव्हतं. रोज सांगणारी घरात होती, शिकून काय करायचं होतं?

आकडा सातच्या खाली असला की तो कामावर जाताना वाटेतल्या गाड्यांपाशी थांबतो, टायरवर अंगठ्याचं नख दाबतो, आणि नख रुतलं नाही तर वायपरखाली चिठ्ठी लावतो. "आज चार आहे. हे टायर उन्हाळी आहेत. बदला." खाली सही नाही. आजवर तीनशे बारा चिठ्ठ्या झाल्या. त्यांपैकी एकशे ऐंशी वाऱ्याने नेल्या. नव्वदांचे बोळे झाले. अकरा जणांनी उलटून पाहिलं, मागे सवलतीचं कूपन आहे का म्हणून. एका गृहस्थाने कचरा केल्याची तक्रार नोंदवली आणि तिची तातडीने दखल घेतली गेली.

हिशेब अजून पुरा जमत नाही, कारण काही चिठ्ठ्या वाचकांकडे आहेत. आपल्या काचेवरही एक होती. आपण ती जाहिरात समजलात, पण कागद बरा होता म्हणून टाकली नाहीत. पुस्तकात खूण म्हणून घातलीत, आणि टायर बदलायचं पुढच्या पगारानंतर, पुढच्या सर्व्हिसिंगला, पंधरा तारखेला पाहू असं ठरवून गाडी सुरू केलीत. सकाळची वेळ होती, उशीर झाला होता, फाटकासमोरच्या पट्ट्यांवर एक माणूस फार सावकाश चालत होता, आणि आपण हॉर्न वाजवलात. (ज्या वाचकांकडे गाडी नाही त्यांनी हसू नये. ते रस्ता ओलांडतात.)

तो माणूस मिस्त्री होता. तो रोज तिथूनच जातो, आणि तिथे त्याला सावकाशच चालता येतं.

आज सकाळी खिडकीबाहेरचा तापमापक तीन अंशांवर होता. तो पाच म्हणाला होता. लाखेचं सील लावलेली गाडी फाटकातून बाहेर गेली आहे. चार हिवाळी टायर ताडपत्रीखाली आहेत. ते बसवायचे राहिले आहेत.