सिंहाची सही

फोटो उत्कृष्ट आला होता, आणि झुलालनाना हबकले ते त्यामुळेच.

धुळ्याच्या पाचव्या गल्लीतल्या आपल्या स्टुडिओमागे, अंगणातल्या दोरीवर त्यांनी ती मोठी प्रिंट वाळत घातली होती. सर्कशीचा रिंगमास्टर आकाराम हातात चाबूक घेऊन उभा होता, शेजारी स्टुलावर सिंह बसला होता. आयाळीतला केस न् केस मोजून घ्यावा इतका स्वच्छ. आणि आकारामचा चेहरा? चंद्रावर निदान डाग तरी असतो.

"ओ बेबा, आठे ये जरा," नानांनी खोल गेलेल्या आवाजात बायकोला हाक मारली.

बेबाबाई हातातलं सूप तसंच घेऊन बाहेर आल्या. फोटोकडे त्यांनी कौतुकानं पाहिलं.

"गुणी पोऱ्या दिखस. कोना जवाई शे?"

"जवाई नही. सर्कसना रिंगमास्टर शे तो."

"मंग त्याना डाग कोठे गया?"

"मन्हा हातखाल पुसाई गया," असं म्हणून नाना तुळशीच्या कट्ट्यावर टेकले.

तो डाग साधा नव्हता. कानशिलापासून हनुवटीपर्यंत गेलेला सिंहाच्या पंजाचा व्रण होता. सर्कशीचा टांगा रोज कर्णा लावून गावभर ओरडत फिरे, "या, पाहा! ज्याच्या गालावर खुद्द सिंहानं सही केली, तो मर्द गडी!" त्या सहीसाठी लोक तंबूत गर्दी करत. नवं पोस्टर छापायचं म्हणून मालकांनी नानांना बोलावून बजावलं होतं, "बाकी काही दिसलं नाही तरी चालेल. सही दिसली पाहिजे."

पण नानांची उभी हयात गेली होती ती मुलींचे स्थळासाठीचे फोटो काढण्यात. शिरपूरपासून यावलपर्यंतच्या मुलींचे देवीचे वण, चामखिळी, भाजल्याच्या खुणा त्यांनी टोकदार शिसपेन्सिलीनं निगेटिव्हवर बुजवल्या होत्या. निगेटिव्ह काचेवर ठेवली की त्यांचा हात आपोआप चालू लागे. सकाळीही तो तसाच चालला. डोक्यात सिंह होता आणि हाताखाली आकारामचा गाल.

नानांच्या मनात एक गोष्ट होती, जी त्यांनी बेबाबाईंनाही सांगितली नव्हती. आपण कलावंत असावं, असा त्यांना अधूनमधून संशय येई. एकदा त्यांनी धीर करून जळगावच्या एका प्रदर्शनाला फोटो पाठवले होते. 'काम सफाईदार. कला नव्हे,' एवढाच शेरा घेऊन ते परत आले. तेव्हापासून तो संशय त्यांनी दाबून ठेवला होता.

"दुसरा फोटो काढी ल्या ना," बेबाबाई म्हणाल्या.

दुसरा फोटो म्हणजे पुन्हा पिंजरा. मालकांच्या हट्टापायी त्यांना आत जावं लागलं होतं. वरून पाहायच्या कॅमेऱ्याच्या काचेत सिंह सुपारीएवढा दिसत होता, तोवर ठीक होतं. मग त्यांनी मान वर केली. पुढचा सगळा रोल त्यांनी डोळे मिटून काढला. त्यात भुसा आला, स्टुलाचा पाय आला, आकारामचे बूट आले. त्यातून धड फोटो निघाला तो हा एकच.

"पेन्सिल पुसता येते," नाना एकदम उठले. "निगेटिव्ह धुतो."

धुळ्यातला तो एप्रिल होता. टाकीतलं पाणी चहाला चालेल इतकं तापलेलं. घाईत नानांना त्याचं भान राहिलं नाही. त्यांनी कापसाचा बोळा फिरवला, पेन्सिल निघाली, तिच्या मागोमाग फिल्मवरचा थर सुटला आणि आकारामची मिशी सिंहाच्या कानाकडे वाहत गेली. निगेटिव्ह संपली.

आता दोरीवरची ती प्रिंट तेवढी उरली. नानांनी बारीक ब्रश शाईत बुडवला आणि श्वास रोखून गालावर व्रण काढला. खरं तर झकास निघाला. खऱ्यापेक्षा भयंकर.

बेबाबाईंनी मान तिरकी केली. "उजवा गाल नही. डावा शे. मी टांगामा दखेल शे त्याले."

नानांनी व्रण काढला होता तो काचेत पाहिल्याच्या आठवणीवरून. कॅमेऱ्याच्या काचेत डावं-उजवं उलटं दिसतं, हे त्यांनी आयुष्यभर गिऱ्हाइकांना सांगितलं होतं. त्यांनी ओल्या कापसानं शाई पुसली. आकाराम पुन्हा नवरदेव झाला. ब्रश पुन्हा शाईत जातो न जातो तोच दारातून आवाज आला.

"हायसा का घरात?"

दारात आकाराम उभा होता. तो तिकडचा, सांगलीकडचा. तो चिडला की हत्तीसुद्धा मागे सरकतो, असं तंबूतला आचारी सांगत होता. नानांनी मागे सरकायला पाहिलं, पण मागे भिंत होती.

"झाला का फोटू? मालक खोळंबल्यात."

"झाला... म्हणजे झाला होता... मी ना, आकारामभाऊ..."

आकारामनं फोटो हातात घेतला. त्यानं फोटो उन्हात धरला, मग सावलीत धरला. हळूच डाव्या गालावरून बोट फिरवलं. फोटोतल्या नव्हे, स्वतःच्या.

"ह्यो मी हाय?"

"चूक झाली माझी," नानांनी हात जोडले. "सवय हो. मुलींचे फोटो..."

"दोन स्थळं मोडली माझी," आकाराम म्हणाला. "गाल बघून मान्सं चा न पिताच उठली. ह्यो फोटू तासगावला आईकडं धाडतो."

"पण प्रत्यक्ष पाहतील तेव्हा?"

"तवाचं तवा. एकदा चा प्याली की मान्सं उठत न्हाईत." त्यानं फोटो छातीशी धरला. "नाना, समदी दुनिया माझा गाल बघती. तुमी मला बघितलंसा. ह्येला म्हंत्यात कला."

आपण फोटो काढताना डोळे मिटले होते, हे नानांनी सांगितलं नाही.

"मालकाला सांगतो, फोटू जळला. उद्या जळगावचा एक फोटूग्राफर बोलवू, त्यो गजांच्या भायेरनंच काढंल. तुमास्नी तरास नगं."

सुटलो, असं नानांना वाटलं. हात जोडून निरोप द्यायचा, की संपलं.

"बाहेरून?" ते म्हणाले.

"व्हय की."

"गज येतील चेहऱ्यावर."

"येऊ द्यात."

"असं कसं येऊ द्यायचं? एक गज नेमका व्रणावर येईल. सिंहाचा एक डोळा गजामागे जाईल. तो काय फोटो म्हणायचा?"

हा करारी आवाज कुणाचा, हे नानांना चटकन कळेना. बेबाबाई मात्र त्यांच्याकडेच बघत होत्या.

"मंग कसं करायचं म्हंता?"

"मी येतो. आतून काढतो."

"तुम्ही येडा व्हई ग्यात का?" बेबाबाईंच्या हातातलं सूप पडलं.

आकाराम खूश झाला. "मंग सकाळच्यालाच या. उपाशी असतोय तवा त्यो ताठ बसतोय. फोटू झ्याक येतोय."

नानांनी कलावंताला शोभेल अशा गांभीर्यानं मान हलवली आणि ते खाली बसले. तिथं खुर्ची नव्हती.